आधी बिघडलेला फोटो वाचा, मग कॅमेरा घ्या

*‘मी इंदापूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० आहे. त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन एएफ-पी लेन्स आहेत, शिवाय मामांनी दिलेली जुनी ५० एमएम एफ/१.८डी आहे, पण ती या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करत नाही. थंडीत भिगवणचे पक्षी, पालखी आली की बेलवाडीचं रिंगण आणि शाळेचं स्नेहसंमेलन, एवढंच मी काढते. फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. संमेलनातले फोटो हललेले येतात, उडते पक्षी धूसर येतात. दुकानदार म्हणतो मिररलेस (आत आरसा नसलेला) घ्या आणि घ्यायचा तर फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा) घ्या. भाचा म्हणतो सोनी घे. यजमान म्हणतात, मोबाइल काय वाईट आहे? सव्वा लाख बाजूला ठेवलेत. खांदा दुखतो, म्हणून वजन कमी झालं तर हवंच आहे. काय घेऊ? चार फोटो सोबत पाठवते.’*
— एक शिक्षिका, इंदापूर

नमस्कार ताई,

फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, आणि मूळ फाइली पाठवल्यात हे त्याहून बरं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आले असते तर शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती होतं), आयएसओ (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) हा सगळा तपशील वाटेतच गळून गेला असता. ‘कुठला कॅमेरा घेऊ’ असं विचारणारे बहुतेक जण फक्त बजेट सांगतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या चार फायलींतच आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

पहिला फोटो संमेलनातल्या कोळीनृत्याचा. ५५ एमएम, एफ/५.६, शटर १/३०, आयएसओ ३२००. मागच्या पडद्यावरचं शाळेचं नाव नीट बघा. अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे. मुलींचे हात आणि पदर मात्र नुसते फराटे. म्हणजे तुमचा हात हललेला नाही, मुली हलल्या आहेत. लेन्समधलं व्हीआर आपल्या हाताचा कंप सावरतं, नाचणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही. तिला थांबवायचं तर शटर १/२५० च्या आसपास हवं, आणि त्यासाठी आठपट उजेड हवा. तो बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, बदलून मिळत नाही. उद्या हीच १८-५५ लाखाच्या कॅमेऱ्यावर लावलीत तरी ५५ ला ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडणार नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं).

दुसरा फोटो रोहित पक्ष्यांचा, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा. थवा पाण्यावरून उठतोय, सकाळचं ऊन छान पडलंय. ३०० एमएम, एफ/८, १/३२०, आयएसओ २००. इथेही कॅमेऱ्याला दोष देता येत नाही. एवढ्या उन्हात आयएसओ ८०० करून लेन्स एफ/६.३ ला पूर्ण उघडली असतीत तर शटर १/२००० पर्यंत गेलं असतं आणि पंखांची टोकं थांबली असती. आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो ही भीती आपल्याकडे फार खोल रुजली आहे. आयएसओ ८०० चे दाणे प्रिंटमध्ये शोधावे लागतात. हललेला पंख मात्र लांबूनच दिसतो.

तिसरा मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याचा. शटर १/१६००, म्हणजे तिथे काही चुकलेलं नाही. पण मागचं पाणकणीस धारदार आणि पक्षी पुसट. पक्षी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात होता. डी५६०० चे ३९ फोकस पॉइंट मधल्या भागात दाटलेले असतात, कोपऱ्यात काही नाही. तुम्ही पक्ष्यामागे धावलात आणि कॅमेऱ्याला जे समोर सापडलं ते त्याने धरलं. हा फोटो खऱ्या अर्थाने कॅमेऱ्यामुळे गेला.

चौथा रिंगणाचा. घोडा लख्ख आला आहे, चारही टापा हवेत. शाब्बास! फक्त वारकऱ्यांच्या टोप्या आणि धोतरं इतकी पांढरी झाली आहेत की कापडाच्या चुण्याच दिसत नाहीत. ऊन, पांढरे कपडे आणि मध्ये काळपट जमीन असली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जमिनीकडे बघून फसतो. प्लस-मायनसचं बटण दाबून -०.७ करायचं, की काम झालं. फुकट.

तर चारांपैकी एक फोटो लेन्सने वाचला असता, एक नव्या बॉडीने आणि दोन तुम्ही स्वतःच आजच्या कॅमेऱ्यावर वाचवू शकला असता. सव्वा लाखाची विभागणी याच हिशेबाने करायची.

पहिली खरेदी कॅमेऱ्याची नकोच. निकॉनची एएफ-एस ५० एमएम एफ/१.८जी घ्या. मामांच्या लेन्सची ही धाकटी बहीण, फरक एवढाच की फोकसची मोटर हिच्या पोटात आहे. मामांची ‘डी’ लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी५६०० मध्ये ती मोटरच नाही. नव्या ‘जी’ला एफ/१.८ मिळतं, म्हणजे तुमच्या एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड. कोळीनृत्याचं गणित पुन्हा मांडा: आयएसओ ३२०० तसाच ठेवायचा आणि शटर १/३० वरून १/२५० वर न्यायचं. झालं. तुमच्या सेन्सरवर ५० एमएम ही ७५ सारखी दिसते. रंगमंचासमोर पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसलात तर दोन-तीन मुली छान भरतात. लेन्सचं वजन १८५ ग्रॅम. ही आत्ताच घ्या, सेकंडहँड चांगली मिळाली तरी चालेल, आणि डिसेंबर-जानेवारीतलं संमेलन जुन्याच कॅमेऱ्यावर करा. पुढे मिररलेस घेतलात तरी ती वाया जाणार नाही, ते खाली सांगतो.

एक सावधगिरी. पाच मीटरवरून एफ/१.८ ला साधारण पाऊण मीटर खोलीच धारदार मिळते. एकटी मुलगी असेल तर ठीक, पण रांगेत नाचणाऱ्या सहा जणी असतील तर एफ/२.८ ला या आणि आयएसओ ६४०० होऊ द्या.

आणि रंगमंचावरचे ते एलईडी पार लाइट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातले बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर वेगवान झालं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, माइक टेस्टिंग चालू असतानाच दोन-चार फोटो काढून बघा.  पट्टे दिसले तर सरळ १/१०० वर या आणि मुली ठेक्यावर पोझ घेऊन क्षणभर थांबतात तेव्हा बटण दाबा. बसवलेला नाच तुम्ही तालमीत बघितलेला असतो. हा फायदा बाहेरून आलेल्या कुठल्याही फोटोग्राफरला नाही.

आता बॉडी. पक्ष्यांसाठी मिररलेस घ्या, हे मी बिनधास्त सांगतो. तुमच्या बाबतीत निकॉनचाच झेड५० टू. २०२४ च्या अखेरीस आला. सेन्सर तुमच्यासारखाच, एपीएस-सी आकाराचा, पण फोकस थेट सेन्सरवरून होतो, त्यामुळे जवळपास सगळी चौकट वापरता येते. विषय ओळखण्याच्या यादीत पक्ष्यांचा वेगळा पर्याय आहे, तो लावला की कॅमेरा पक्ष्याचा डोळा धरून बसतो. सतत फोकस म्हणजे एएफ-सी ठेवा, एरिया मोठा ठेवा. सरावाला चार सकाळी लागतील. गवतात अर्धा लपलेला पक्षी असला की हा कॅमेराही गोंधळतो, तिथे एरिया लहान करून तुम्हीच डोळ्यावर न्या.

आणखी एक सोय भिगवणला कामाची आहे. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आधीचा सेकंदभराचा काळ जपून ठेवतो आणि पूर्ण दाबल्यावर तोही कार्डावर उतरवतो. खंड्या कधी झेप घेणार हे कुणाला सांगता येतं? झेप दिसल्यावर दाबलंत तरी झेप मिळते. हे फक्त जेपेगमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर होतं, म्हणून ते तेवढ्यापुरतंच वापरा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यामुळे वेगात जाणाऱ्या वस्तू तिरक्या होतात. रिंगणातल्या घोड्याचे पाय त्यावर काढलेत तर वाकडेच येणार. घोड्याला मेकॅनिकल शटर. ते सेकंदाला अकरा फोटोंपर्यंत जातं, तेवढे पुरतात.

दुकानात गेल्यावर कुणी तरी लगेच सांगेल की याचे मेगापिक्सेल तुमच्या जुन्यापेक्षाही कमी आहेत. खरं आहे. डी५६०० चे २४, याचे २०.९. म्हणजे ५५६८ गुणिले ३७१२ पिक्सेल, ३०० डीपीआयने साडेअठरा इंच रुंद प्रिंट. भिंतीवर लावायला याहून मोठी हवी आहे का? मग हा मुद्दा सोडून द्या.

खांद्याचं मात्र वाईट वाटतं, पण सांगायला हवं. मिररलेस म्हणजे हलका, हे सरसकट खरं नाही. बॅटरी-कार्ड धरून डी५६०० भरतो ४६५ ग्रॅम, झेड५० टू ५५० ग्रॅम. मिररलेससोबत मिळणारी १६-५० लेन्स १३५ ग्रॅमची आहे आणि तुमची १८-५५ साधारण २०५ ची, त्यामुळे सगळं मिळून फिटंफाट. खांदा वाचवायचा असेल तर गळ्यातला अरुंद पट्टा काढून आडवा रुंद पट्टा लावा आणि पिशवीत ‘असू दे, लागेल’ म्हणून टाकलेल्या वस्तू घरी ठेवा.

बॅटरीचं तर उलटंच आहे. डी५६०० ची एक बॅटरी कंपनीच्या मोजणीने ९७० फोटो देते. मिररलेसमध्ये सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरचा छोटा पडदा सतत जळत असतो, झेड५० टूची मोजणी अडीचशेच्या घरात आहे. पक्ष्यांच्या मागे धडाधड फोटो काढताना प्रत्यक्षात बरेच जास्त निघतात, पण लग्नाच्या दिवशी दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्यातच. जुन्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यात बसत नाहीत. यूएसबी-सी आहे, तेव्हा जेवणाच्या पंगतीत बसाल तेवढ्यात पॉवरबँकवर लावून ठेवा.

फुल फ्रेमचं काय? फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, तुमच्यापेक्षा सव्वादोनपट मोठा. कमी उजेडात त्याचा फायदा आहे, साधारण एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ५० एमएम एफ/१.८ लावून तुम्ही त्याच्या तिप्पट फायदा आधीच मिळवलेला असेल. तोटा मात्र भिगवणला कळतो. तुमची ७०-३०० एपीएस-सीवर ४५० एमएमसारखी दिसते. फुल फ्रेमवर ती मधल्या भागापुरतीच उरते, आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा तेवढा भाग म्हणजे जेमतेम दहा-अकरा मेगापिक्सेल. तीच लांबी पुन्हा गाठायची तर १८०-६०० सारखी लेन्स घ्यावी लागेल. ती दोन किलोंच्या वर आहे आणि एकट्या तिच्यातच तुमचं बजेट संपेल. उद्या लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागलात तर फुल फ्रेमचा विचार जरूर करा, कारण तिथे पैसे परत येतात, आणि तेव्हा दोन कार्डांची बॉडीच घ्या. झेड५० टूला कार्डाची जागा एकच आहे.

भाच्याचंही चुकत नाही. सोनीचा ई माउंट २०१० पासूनचा आहे आणि लेन्सची सगळ्यात मोठी निवड आजही तिथेच. कोरी पाटी असती तर मीही सोनी आणि कॅननचे पर्याय मांडले असते. पण तुमची पाटी कोरी नाही. निकॉनचा एफटीझेड टू नावाचा सव्वाशे ग्रॅमचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो लावला की तुमच्या दोन्ही एएफ-पी लेन्स आणि नवी ५० एमएम झेड बॉडीवर फोकससकट चालतात, ७०-३०० चं व्हीआरही चालतं. मामांची ‘डी’ लेन्स तिथेही आपोआप फोकस करणार नाही, कारण अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. पण हाताने फोकस करताना धारदार कडा रंगवून दाखवायची सोय मिररलेसमध्ये असते, तेव्हा घरात नातवंडांचे, मांजराचे निवांत फोटो काढायला ती मजेची होईल.

म्हणजे यादी अशी: आत्ता ५० एमएम, जानेवारीत संमेलन उरकलं की नुसती बॉडी आणि अ‍ॅडॉप्टर, एक वेगवान व्ही६० कार्ड आणि जादा बॅटऱ्या. सव्वा लाखात हे बसायला हवं, भाव मात्र सणाच्या ऑफरप्रमाणे वरखाली होतात. काही उरलं तर निकॉनची झेड डीएक्स २४ एमएम एफ/१.७. नाही उरलं तर नाही. फेब्रुवारीत पक्षी असतातच, भाचीच्या लग्नाआधी भिगवणच्या एक-दोन खेपांत हात बसेल. नवा कॅमेरा थेट लग्नात उघडू नका, ऐन मुहूर्ताला मेनू शोधत बसाल.

जुना डी५६०० विकू नका. त्याचे आता फार पैसे येणार नाहीत आणि रिंगणात तो सोन्याच्या मोलाचा आहे. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, पुढे आरसा नाही. बेलवाडीला धावणाऱ्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, मग अश्व, यांनी जी धूळ उडते त्यात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर माती पेरायची. त्यापेक्षा ७०-३०० लावलेला जुना कॅमेरा एका खांद्यावर आणि १८-५५ किंवा २४ लावलेला नवा दुसऱ्या. घोडा दूर असताना लांबची लेन्स, १/१२५० च्या पुढचं शटर. घोडा पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. बहुतेक फोटोग्राफर तेव्हा पडद्यावर घोड्याचा फोटो बघत असतात. तुम्ही त्याच क्षणी रुंद लेन्सचा कॅमेरा उचला आणि गुडघ्यावर बसा. चेहरे तिथे आहेत. (दोन कॅमेऱ्यांचं ओझं खांद्याला परवडणार नसेल तर भाच्याला सोबत न्या. सोनीवाला असला तरी चालेल.)

व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसतं तसाच फोटो येतो, हा मिररलेसचा उन्हातला सगळ्यात मोठा उपयोग. टोप्या जळताहेत हे आधीच दिसतं. तरी त्या वेळी हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, चालू ठेवा. कडक उन्हात डोळे दिपलेले असतात आणि तो छोटा पडदा उगाच अंधारा वाटतो.

पालखीत पाऊस आला तर या बॉडीच्या भरवशावर राहू नका. साधी जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, मागून हात घालायला वाट. घरी आल्यावर पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कपाटात, चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स पावसाळ्यात बुरशी धरते. सेन्सरवर धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारायची, तोंडाने कधीच नाही. फुंकरीबरोबर थुंकीही जाते.

भिगवणच्या होडीत ट्रायपॉड, मोनोपॉड काही कामाचं नाही, होडी स्वतःच हलते. खाली बसा, कोपर काठावर टेका, कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. रोहित पांढरे असतात, तिथेही -०.७ विसरू नका. नावाडी तुम्हाला खूश करायला थवा उडवायला निघेल, त्याला आधीच सांगून ठेवा की उडवायचे नाहीत. दमून खाणाऱ्या पक्ष्याला उठवून काढलेला फोटो कुठेही दाखवण्यासारखा नसतो, आणि थांबलात तर थवे आपले आपण उठतात. लांबची लेन्स विकत घ्यायची इच्छा झालीच तर आधी पुण्यातून ती १८०-६०० एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा. तुमच्या नव्या बॉडीवर ती ९०० एमएमसारखी दिसेल. कडबनवाडीच्या माळावर चिंकाऱ्यांसाठी ती कमाल आहे, पण दोन किलो हातात धरून दोन तास होडीत बसून बघा, मग ठरवा.

लग्नाचं थोडक्यात. बोलावलेला फोटोग्राफर असेलच, अक्षता पडताना त्याच्या पुढे उभं राहू नका. तुम्ही मावशी आहात, तुम्हाला जिथे प्रवेश आहे तिथे त्याला नाही: हळदीच्या आदल्या रात्री मेंदीच्या खोलीत, पाठवणीआधी आई आणि मुलगी दोघीच बसलेल्या असतात तिथे. तिथे ५० एमएम, एफ/२, शटर १/१२५, आणि खिडकीजवळ बसवा. आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावाल, तो खिडकीच्या उजेडात चालतो. हॉलमधल्या एलईडीखाली बंद करा, नाहीतर पुन्हा पट्टे.

यजमानांना सांगा की जेवणाच्या पंगतीचे आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपचे फोटो मोबाइलवरच काढा, ते त्यांच्याकडे द्या. दिवसा, जवळून, रुंद चौकटीत मोबाइल उत्तमच येतो आणि फोटो लगेच सगळ्यांना पाठवताही येतात.

घेताना जीएसटीचं बिल आणि निकॉन इंडियाचं वॉरंटी कार्ड घ्याच. ‘बिल नको असेल तर आठ हजार कमी’ असं कुणी म्हटलं तर तो माल बहुधा बाहेरून आलेला असतो आणि बिघडल्यावर इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं. सेकंडहँड ५० एमएम घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून काच बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, स्वस्त असली तरी परत द्या. आणि दुकानातून निघण्याआधी तिथेच डी५६०० वर लावून जवळ-दूर फोकस करून घ्या. फोकस होत नसेल आणि लेन्सवर ‘डी’ लिहिलेलं असेल, तर तुम्हाला मामांचीच दुसरी लेन्स विकली जात आहे.